नामदेवरावांबरोबर रंगवलेली चाकं

लोणी काळभोरहून फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. आमची सून पल्लवी वडिलांची तब्येत बिघडल्यापासून आठवडाभर तिकडेच होती, पण इतक्या सकाळी तिचा फोन येण्याचं एरवी काही कारण नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "आबा गेले." आणि मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाली, "त्रास नाही झाला काही. आईनं कोमट पाणी दिलं, ते प्यायले, आणि..." मी गॅस बंद केला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात दुःख आलं नाही. मनात एकच शब्द आला, सुटले. नामदेवराव माझे व्याही. त्यांचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज असायची, आणि आडवं झालं की दम लागायचा. जवळजवळ वर्षभर हा माणूस भिंतीला उशा लावून, बसल्या बसल्या झोपत होता. आम्ही दोघं नवरा-बायको लोणीला पोचलो तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत चटईवर निजवलं होतं, पाय सरळ, चेहरा शांत. विहीणबाई माझ्या बायकोला, सुनंदाला, हळूच म्हणाल्या, "बगा, किती दिसांनी पाठ टेकली." त्या रडत होत्या, पण त्यांच्या आवाजात सुटकेचा श्वास होता, आणि तो ऐकून मलाही माझ्या मनातल्या त्या शब्दाची लाज वाटेनाशी झाली.

त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलताना लोक त्याची मोठी कामं सांगतात. नामदेवरावांची तशी सांगता येतील. गावात त्यांची शेती होती, ऊस आणि थोडी फुलं. भावकीतली भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे येत. पण मला ते आठवतात ते आमच्या सहकारनगरच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, फतकल मारून, नाकाला उपरणं बांधून, गाडीच्या चाकावरचा रंग खरवडताना.

आमची ओळख मुलांच्या लग्नामुळे झाली. आमचा मंदार आणि त्यांची पल्लवी एकाच कॉलेजात शिकले, मग दोघांना नोकऱ्या लागल्या, आणि एके दिवशी नामदेवराव बोलणी करायला आमच्याकडे आले. मी आयुष्यभर विमा कार्यालयात नोकरी केलेला माणूस. मोजकं बोलणं हा आमच्या घराचा गुण म्हणा, दोष म्हणा. मी विचारलं, "आपण चहा घेणार का?" ते म्हणाले, "घेणार का म्हंजी? पाव्हणं, आमी चहाबिगर बोलणी कराया आलोय असं वाटलं का तुमाला?" आणि मोठ्यानं हसले. मला ते हसणं जरा जास्तच मोठं वाटलं. पुढची दोन वर्षं आमचे संबंध असेच राहिले. सणावाराला भेटायचं, ते मोठ्यानं बोलणार, मी मान हलवणार. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, शेवटपर्यंत 'पाव्हणं'च म्हणाले.

मग ते वाईट वर्ष आलं. पल्लवीला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात मूल गेलं. दोघं खराडीला राहायची, मंदारचं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला काम. हॉस्पिटलमधून घरी आणल्यानंतर दोन-तीन दिवसांतच मंदार कामावर गेला. रात्री उशिरा यायचा, सकाळी लवकर निघायचा. पल्लवीनं काही म्हटलं नाही. विश्रांतीसाठी म्हणून ती लोणीला गेली, भावाच्या जीपमधून गेली, आणि मग ती विश्रांती संपेचना. सुनंदानं फोन केला की "बरी आहे, आई" एवढंच म्हणायची. मंदारला विचारलं की तो म्हणायचा, "तिला वेळ हवाय." दोघांचं आपसात बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, हे आम्हाला बाहेरून कळलं. कोणी भांडलं असतं तर मध्ये पडता आलं असतं. इथे भांडणच नव्हतं.

पल्लवीची स्वतःची गाडी होती. लग्नाआधी ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून तिनं ती घेतली होती. जुनी, पण अलॉयच्या चाकांची, आणि त्या चाकांचा तिला फार अभिमान होता. खराडीच्या इमारतीत एकच गाडी लावायला जागा, म्हणून ही गाडी आमच्या पार्किंगमध्ये असायची. एका रविवारी सकाळी नामदेवराव एकटेच बसनं आले. पाणी प्यायले, बसले, आणि खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. "पोरगीची गाडी न्यायला आलोय," ते म्हणाले. त्या दिवशी ते हसले नाहीत. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. गाडी लोणीला गेली म्हणजे काय झालं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. ते बोलून दाखवायची हिंमत मात्र कोणातच नव्हती.

आम्ही खाली गेलो. पुढच्या डाव्या चाकातली हवा पार उतरली होती. चाकाच्या कडेला रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि खालून पांढरी, पिठासारखी बुरशी आल्यागत दिसत होतं. मी म्हणालो, "या चाकावर तुम्ही हडपसरच्या गर्दीतून कसे जाणार?" त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी अंगठ्यानं दाबून पाहिली. मी बाजूलाच होतो. स्टेपनी चांगली टणक होती. नामदेवरावांनी डिकी बंद केली. "न्हाई," ते म्हणाले, "चाक नीट केल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

कोपऱ्यावरच्या टायरवाल्यानं चाक उघडून दाखवलं. ॲल्युमिनियमला पांढरं धरलं होतं, तिथून हवा जात होती. आतली कडा त्यानं घासून दिली, टायर परत बसवला आणि म्हणाला, "वरचा रंग पार गेलाय. चारही चाकांचा. उतरवून नवीन मारा, नाहीतर परत हेच." गॅरेजला द्या, असं मी म्हणणार होतो. नामदेवराव म्हणाले, "आपुनच करू. रविवारी येतो." आणि किल्ली माझ्या हातात देऊन बसस्टॉपकडे चालू लागले.

आम्हा दोघांनाही त्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी घराच्या खिडकीलाही कधी रंग लावलेला नाही, आणि नामदेवरावांचा अनुभव म्हणजे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला. मोबाईलवर चित्रफिती पाहून मी सगळं समजून घेतलं. रंगाच्या दुकानातून जुना रंग उतरवायचं जेल, थिनर, प्रायमर, स्प्रेचे डबे आणले. पुढच्या रविवारी आम्ही गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळा सरकवला, आणि ते डावं चाक काढून भिंतीशी आडवं ठेवलं. जेल लावलं की थोड्या वेळानं जुना रंग फुगतो, सुरकुततो आणि सुटून येतो. ते पाहताना नामदेवराव लहान मुलासारखे वाकून बसले होते. मग त्यांनी लोखंडी पट्टी घेतली आणि असा जोर लावला की चाकावर लांब ओरखडा उठला. मी ओरडलो. ते म्हणाले, "तुमी आदी सांगायचं न्हाई व्हय?" मी म्हणालो, "मी मघापासून तेच सांगतोय, तुम्ही ऐकायला तयार असलात तर ना." सुनंदानं वरून हे ऐकलं आणि लाकडी कालथा आणून दिला. तो कालथा पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही.

रंग उतरवला की मग घासणं. आधी पॉलिश पेपरनं, मग पाणी टाकत वॉटर पेपरनं. हे काम संपता संपत नाही. चाकाला आरे, आऱ्यांना खाचा, खाचांना कोपरे, आणि बोट घालून घासल्याशिवाय तिथला रंग निघत नाही. माणूस अशा कामात गुंतला की बोलतो. नजर वर करावी लागत नाही, म्हणूनही बोलत असेल. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी नामदेवराव घासता घासता म्हणाले, "पोरगी रडत न्हाई, पाव्हणं. अजाबात न्हाई. जेवती, झोपती, लॅपटॉपवर काम करती. तिची आई म्हणती बरं हाय. मला न्हाई बरं वाटत. रडली असती तर..." पेपर पाण्यात बुडवत त्यांनी विचारलं, "तुमचा पोरगा तिसऱ्या दिशी हापिसात गेला. असं कसं वो?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मी त्यांना सांगितलं. मंदार दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येतो. वर येण्याआधी पल्लवीच्या गाडीत बसतो, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करतो. इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ आतच बसून राहतो. एकदा मी खाली गेलो तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मी परतणार, तेवढ्यात तोच म्हणाला होता, "बाबा, मला घरी तिच्याकडे बघवत नव्हतं. काय बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी ऑफिसला जात होतो." हे ऐकून नामदेवराव हातातला पेपर खाली ठेवून बसले. "हे तिला कुनी सांगितलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ते त्यानंच सांगायला हवं." त्यांनी मान डोलावली आणि परत घासायला घेतलं.

रंग कुठला द्यायचा यावर आमचा वाद झाला. त्यांना लखलखीत चंदेरी हवा होता, मला गडद राखाडी बरा वाटत होता. शेवटी त्यांनी सरळ पल्लवीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. कित्येक आठवड्यांनी मी तिचा आवाज ऐकत होतो. मी विचारलं, "चाकांना रंग कुठला देऊ?" ती म्हणाली, "मूळचा होता तोच द्या, बाबा." ती मला अजून बाबा म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी उगाचच थिनरच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसलो.

टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि चाक यांच्या फटीत गोल फिरून खेळायचे पत्ते खोचायचे असतात. आमच्याकडे पत्त्यांचा जोड एकच, आणि तो द्यायला सुनंदा तयार नव्हती. माळ्यावर मंदार-पल्लवीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या, जाड कागदाच्या. तिनं तो गठ्ठाच आणून दिला. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी चाकाभोवती त्या पत्रिका खोचल्या, चाकावर प्रायमर मारला, मग मूळचा चंदेरी रंग. पहिला हात सुकायच्या आत नामदेवरावांनी दुसरा मारला, तोही जाडसर. बघता बघता रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. सगळा परत उतरवावा लागणार होता. मी हताश होऊन त्यांच्याकडे पाहिलं. नामदेवराव त्या चाकाकडे बघत शांतपणे म्हणाले, "बरं झालं. अजून एक रविवार." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चाकं लवकर व्हावीत असं आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हतं.

आणखी काही रविवार गेले, तीन चाकं झाली. मग एका आठवड्यात ते रविवारची वाट न पाहता शनिवारी संध्याकाळीच आले. मंदार नेहमीसारखा गाडीत बसला होता. एका कोपऱ्यात चाक नाही, गाडी ठोकळ्यावर, आणि आत हा. मी जिन्यात होतो. नामदेवरावांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले दिसले. मग मंदार काहीतरी बोलायला लागला, आणि नामदेवरावांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला कोणीच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंदार आमच्याकडेच होता. आम्ही शेवटच्या चाकाला भिडलो होतो, रंग आधीच्या रविवारी मारून झाला होता, आता घासून सारखं करायचं राहिलं होतं. तोही खाली येऊन बसला आणि घासायला लागला. दुपार व्हायच्या आधी फाटकात जीप थांबली, आणि पल्लवी उतरली. नामदेवरावांनी तिला बोलावलं होतं की ती आपण होऊन आली, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ती आमच्याकडे आली, चाकाकडे पाहिलं, पत्रिकांकडे पाहिलं. त्यातल्या एकीवर तिचं नाव अर्धं चंदेरी झालं होतं. "आबा," ती म्हणाली, "चार चाकांना एवढे दिवस लागतात?" नामदेवराव म्हणाले, "पाव्हणं लई बारीक काम करत्यात." मी आयुष्यात कधी इतक्या आनंदानं खोटा आळ अंगावर घेतला नसेल.

तिनं बोटानं चाकाची कड तपासली. एका आऱ्याच्या खाली रंगाचा ओघळ सुकला होता. "हे राहिलंय," ती म्हणाली, आणि ओढणी खोचून खालीच बसली. मंदारनं तिच्या हातात वॉटर पेपर दिला. ती घासू लागली, तो मगातून बारीक धार धरू लागला. मग मंदारचा आवाज आला, अगदी हळू. "पल्लवी, मी त्या वेळी..." नामदेवरावांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही वर निघालो. जिन्याच्या वळणावर होतो तेव्हा खालून तिचं रडणं ऐकू आलं. चांगलं मोकळं, मोठ्यानं. नामदेवराव जिन्यातच थांबले, भिंतीला टेकले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "रडली," एवढंच म्हणाले.

वर आल्यावर ते पुन्हा पुन्हा खिडकीशी जायला लागले. सुनंदानं शेवटी त्यांना सांगितलं, "अहो, खिडकीतून बघू नका, बसा." बसले. मी पडद्याआडून पाहिलं, त्याबद्दल तिनं मला काही म्हटलं नाही. खाली दोघं मिळून चाक बसवत होती. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पल्लवी चालवत होती, मंदार शेजारी. फाटकातून गाडी बाहेर पडली, आणि आम्ही तिघं ताटं न वाढता तसेच बसून राहिलो. गाडी कुठे जाणार होती ते आम्हाला माहीत नव्हतं. तास उलटून गेल्यावर फोन वाजला. "बाबा, आम्ही खराडीला आलोय, घरी," पल्लवी म्हणाली. "आबांना म्हणावं जेवून घ्या. त्यांच्यासाठी लोणीहून आणलेली गोळी माझ्या पर्समध्येच राहिली, मंदार आणून देतोय."

नामदेवराव त्या दिवशी आमटी-भात तीनदा मागून घेऊन जेवले. हात धुवून आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "स्टेपनी चांगली हुती, पाव्हणं." मी म्हणालो, "मला माहीत होतं." आम्ही दोघं हसलो, आणि मला त्यांचं हसणं मुळीच मोठं वाटलं नाही, बहुधा मीही तेवढ्याच मोठ्यानं हसत होतो म्हणून. मग ते दिवाणखान्यातल्या दिवाणावर आडवे झाले आणि असे घोरायला लागले की सुनंदानं शेजाऱ्यांसाठी खिडकी लावून घेतली.

पुढे पल्लवीला मुलगी झाली. ती आता बोलते, पळते, आणि आजोबांना 'आबा' म्हणून हाक मारायची ते लोणीच्या घरात दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचं. हे सगळं नामदेवरावांना बघायला मिळालं. आजार वाढल्यावर मी भेटायला जायचो तेव्हा ते भिंतीला टेकून, उशांमध्ये बुडालेले असायचे. बोलायला दम पुरायचा नाही. शेवटच्या भेटीत ती पोरगी त्यांच्या सुजलेल्या पायांशी बसून खडूनं फरशी रंगवत होती. ते तिच्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "पाव्हणं, आता मागं... कायबी अडून न्हाई." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. पण वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांचा चेहरा निवला. मीही हलक्या मनानं घरी आलो. ज्याला आपल्या डोळ्यांदेखत आपलं सगळं मार्गी लागलेलं दिसलं, त्या माणसासाठी किती रडायचं, असा प्रश्न मला पडतो. आठवण येते, ती वेगळी गोष्ट.

चाकांचं काम संपल्यावरही नामदेवराव तब्येत चांगली होती तोवर दर रविवारी यायचेच. वर घरात कमी, खाली पार्किंगमध्ये जास्त. आमच्या खुर्च्या त्यांना अंगाला अपुऱ्या पडत, म्हणून त्यांनी लोणीहून आपली एक रुंद, पत्र्याची घडीची खुर्ची आणून जिन्याखाली ठेवली होती. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे. सगळी इमारत त्यांना 'पाव्हणे' म्हणायची. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिस्तीचे गृहस्थ. जिन्याखाली खाजगी वस्तू ठेवू नयेत, अशी पाटी त्यांनी त्या खुर्चीच्या बरोबर वर लावली होती. नामदेवरावांनी ती मोठ्यानं वाचली होती आणि खुर्ची उघडून पाटीखालीच बसले होते.

मागच्या आठवड्यात सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, "पाव्हणे गेल्याचं कळलं." मी मान हलवली. मग म्हणालो, "ती खुर्ची मी वर घेऊन जातो." त्यांनी मान वर करून पाटी पाहिली. "राहू द्या," ते म्हणाले. "गंज धरेल फक्त. एकदा रंग मारून घ्या."

रविवारी मी तो मारला. आधी जुना उतरवला, नीट घासला, आणि पहिला हात पूर्ण सुकेपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही. सध्या सकाळी थोडा वेळ मी तिथेच बसतो. खुर्ची मला जरा मोठी होते.